गोणीबॅग

सांगलीला शाळेत असताना इंग्रजीचा धडा मोठ्याने वाचत होतो. 'गनी-बॅग' या शब्दाशी आलो आणि तोंडून निघून गेले, 'गोणीबॅग'. सर म्हणाले, "अरे, ते गनी आहे. मार्केट यार्डातली गोणी नव्हे!" वर्ग खो खो हसला. सरांच्या मनात काही नसावे. पण माझे आबा त्याच यार्डात हळदीच्या गोण्या पाठीवर वाहतात, हे निम्म्या वर्गाला ठाऊक होते. पुढे साताऱ्याला कॉलेजात आलो, तेव्हा प्रवेश-अर्जावर वडिलांच्या व्यवसायापुढे मी लिहिले, 'हळदीचा व्यापार'.

गेल्या पावसाळ्यात ग्रंथालयात यूल आणि बर्नेल यांचा १८८६ सालचा 'हॉब्सन-जॉब्सन' हा कोश सहज चाळत बसलो होतो. त्यात हा शब्द भेटला. मूळ काय, तर संस्कृत गोणी आणि हिंदी-मराठीतले गोण, गोणी! खात्री पटेना म्हणून ऑक्सफर्डचा कोश काढला. तो तर सरळ मराठीचेच नाव घेतो. म्हणजे सर, ती यार्डातलीच गोणी होती!

मग नादच लागला. पाणिनीच्या सूत्रांतही गोणी आहे. (पतंजलीने 'गौः' या शब्दाचा अपभ्रंश म्हणून आणखी एक 'गोणी' दिली आहे, पण ती गाय, तिला आपण सोडून देऊ.) लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर गोण्या लादून धान्य नि मीठ वाहत. गोऱ्या व्यापाऱ्यांनी हा शब्द उचलला खरा, पण त्यांच्या लेखी 'गनी' म्हणजे नुसते गोणपाटही झाले. मग पोत्यासाठी मागे 'बॅग' जोडली. जोडशब्दाचा अर्थ काय झाला? गोणी-पिशवी! त्यांना हसण्यात अर्थ नाही. आपणही 'पावरोटी' म्हणतोच, आणि पोर्तुगिजांचा पाव म्हणजे रोटीच. पुढे १८५५ साली कलकत्त्याजवळ रिश्रा येथे तागाची गिरणी निघाली आणि बंगालच्या तागाबरोबर हा शब्दही जगभर फिरला.

दिवाळीच्या सुट्टीत आबांना हे सारे सांगितले. अर्जातले तेवढे सांगितले नाही. ते सोप्यात बसून खांद्याला तेल चोळत होते. सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले,

"बरं झालं. पर त्या बुकात गोणीचं वजन किती लिवलंय?"

"वजन नाही लिहिलं, आबा."

"मग त्येंनी उचलली नसंल कधी."