आईच्या समुद्राची वाट

आमच्या आईचे वय अठ्ठ्याहत्तर. पंढरपूर तिने एस.टी.ने केले. ओंकारेश्वर तिने त्या वेळच्या छोट्या रेल्वेने केले. वाशीमचा बालाजी तर घरचाच. पण समुद्र तिने पाहिलेला नव्हता. मागच्या दिवाळीत फराळाचे ताट पुढे सारत ती म्हणाली, "मले एकडाव समुंदर पाह्याचा हाये, बापा. मंग डोये मिटले तरी चालते."

मी पंचायत समितीत विस्तार अधिकारी. तीस वर्षे शेतकऱ्यांना 'वेळेवर पेरा, वेळेवर फवारा' असे सांगत आलो. आईचे हे काम मात्र वेळेवर केले नव्हते, हे मला तेव्हा उमगले. जानेवारीचा तिसरा आठवडा ठरवला. तोवर तूर घरात येते, हरभरा घाट्यावर असतो, आणि शेताला दहा-बारा दिवस धाकट्या भावावर सोडता येते. जायचे कोकणात, दापोलीला. तिथे माझा एक वर्गमित्र राहतो. अकोल्याच्या कृषी विद्यापीठात आम्ही एका खोलीत होतो.

कुठे जायचे ते ठरले आणि कसे जायचे यावर घरात दोन पक्ष पडले.

चिरंजीव पुण्याला नोकरीला. त्याने फोनवरून सांगितले, "बाबा, आजीचे गुडघे पाहता विमानच बरे. नागपूर ते मुंबई दीड तास." मुलगीही त्याच्या पक्षात. मी मोटारीच्या पक्षात. आमच्या दारात पाच माणसांची मोटार उभी, आणि दाराजवळून समृद्धी महामार्ग गेलेला. नागपूर ते मुंबईजवळच्या आमणेपर्यंत ७०१ किलोमीटरचा हा रस्ता ५ जून २०२५ रोजी पुरा खुला झाला. त्यातले सुमारे ९७ किलोमीटर एकट्या आपल्या वाशीम जिल्ह्यातले. कारंजा, मंगरूळपीर आणि मालेगाव तालुक्यांतल्या कितीतरी खातेदारांच्या जमिनी त्यात गेल्या. ज्यांनी जमिनी दिल्या त्यांना बैलगाडी किंवा ट्रॅक्टर घेऊन त्या रस्त्यावर पाऊल ठेवता येत नाही. मोटारीला मात्र ताशी १२० पर्यंत मुभा आहे. तेव्हा निदान मोटार तरी फिरवावी, असे माझे म्हणणे.

सौभाग्यवती कोणत्याच पक्षात नव्हत्या. त्या म्हणाल्या, "भांडण नको. कागद घ्या आणि हिशेब मांडा." आम्ही रब्बीचे अंदाजपत्रक मांडतो तसा तो मांडला.

आधी विमान. वाशीमहून नागपूर सुमारे अडीचशे किलोमीटर, म्हणजे चार तास. विमानतळावर दोन तास आधी पोचायचे. उड्डाण दीड तास. सामान हाती येईपर्यंत अर्धा तास. पुढे मुंबईहून दापोलीला भाड्याच्या गाडीने सहा-सात तास. एकूण चौदा-पंधरा तास झाले. आता मोटार. वाशीमहून शेलूबाजार पाऊण-एक तास, तिथून समृद्धीने आमणेपर्यंत पाचशेच्या आसपास किलोमीटर, थांबे धरून सहा-साडेसहा तास. पुढे पनवेल, माणगाव, महाड, खेड आणि दापोली असे सहा तास. तेही तेरा-चौदा तास. म्हणजे विमान ताशी सातशे किलोमीटर जात असले तरी आम्हाला काही लवकर पोचवत नव्हते. गंमत अशी, की आधी पूर्वेला नागपूरपर्यंत जायचे आणि मग आपल्याच जिल्ह्याच्या डोक्यावरून पश्चिमेला उडत यायचे!

अमरावतीजवळच्या बेलोऱ्याहून मुंबईचे विमान १६ एप्रिल २०२५ पासून सुरू झाले आहे. वाशीमहून ते नागपूरच्या निम्म्या अंतरावर. पण ते आठवड्यातल्या ठराविक दिवशीच सुटते. आमच्या रजेचे आणि त्याचे दिवस जुळेनात.

पैशाचे पाहिले. विमानाला पाच माणसांची पाच तिकिटे, जायची आणि यायची, वर दोन्ही टोकांना भाड्याची गाडी. मोटारीला माणसे दोन असोत की पाच, पेट्रोल तेवढेच. आमची गाडी लिटरला पंधरा किलोमीटर देते. एका बाजूचे अंतर साडेसातशेच्या पुढे, म्हणजे पन्नासेक लिटर. समृद्धीचा पथकर १ एप्रिल २०२५ पासून मोटारीला किलोमीटरमागे २ रुपये ६ पैसे, म्हणजे हजाराच्या घरात. पाच माणसांत मोटार निम्म्याहून स्वस्त पडत होती.

हिशेब माझ्या बाजूने झाला. मी खूश. "पहाटे चारला निघू, रात्री समुद्रावर," मी जाहीर केले. तेव्हा मुलीने साधे विचारले, "बाबा, चौदा तास गाडी एकटे तुम्हीच चालवणार?"

वाचक हो, इथे मला एक गोष्ट सांगावी लागली, जी मी वर्षभर कुणाला सांगितली नव्हती. आदल्या उन्हाळ्यात नागपूरची बैठक आटोपून मी समृद्धीनेच परत येत होतो. दुपारचे तीन. पोटात जेवण. रस्ता नाकासमोर सरळ, ना वळण, ना गाव, ना चहाची टपरी. कारंज्याच्या अलीकडे मला डुलकी लागली. किती वेळ, ते सांगता येत नाही. कडेच्या पट्ट्यावर चाके घरघरली आणि मी जागा झालो, तेव्हा गाडी कठड्याला लागायला हातभर अंतर उरले होते. गाडीत मी एकटा होतो. घरी येऊन चहा घेतला आणि काही बोललो नाही.

या रस्त्यावर १ जुलै २०२३ च्या रात्री बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाजवळ खासगी बस उलटून पेटली आणि २५ माणसे गेली, हे आपल्याकडे कुणी विसरलेले नाही. मीही विसरलो नव्हतो. पण माणसाला वाटते, ते दुसऱ्याचे. सरळ रस्त्यावर सारखा एकच देखावा डोळ्यांपुढून गेला, की डोळे उघडे राहतात आणि मन झोपते. चालवणाऱ्याला ते कळत नाही.

घरात कुणी काही बोलेना. आई तेवढी म्हणाली, "समुंदर कुठं पयून नाई चालला. दोन दिस लागो का चार. तुह्या बापानं बैल थकला का गाडी सोडली, तू तं माणूस हायेस."

म्हणून बेत बदलला. मोटारच, पण तीन दिवसांची. पहिला मुक्काम छत्रपती संभाजीनगरला बहिणीकडे. चिरंजीव पुण्याहून बसने तिथे येणार, म्हणजे पुढे चालवणारे दोघे. दुसरा मुक्काम पनवेलला नातेवाइकांकडे. तिसऱ्या दिवशी दुपारी दापोली. अंधार पडल्यावर गाडी चालवायची नाही. दुपारी जेवल्यावर तासभर थांबायचे. दीड-दोन तासांनी आईला खाली उतरवून दहा मिनिटे चालवायचे. वयस्कर माणसाचे पाय सारखे लोंबते राहिले की सुजतात, असे डॉक्टरांनी बजावले होते. त्यांनी साखरेच्या गोळ्यांच्या वेळाही लिहून दिल्या.

निघण्याआधी टायर पाहिले. टायरच्या अंगावर चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. आमच्या मागच्या एका टायरवर २३१९ होते, म्हणजे २०१९ सालातला तेविसावा आठवडा. नक्षी चांगली दिसत होती, म्हणून मी निर्धास्त. बियाण्याच्या पिशवीवरची मुदत शेतकऱ्याला वाचून दाखवणारा मी, माझ्याच गाडीचे टायर कधी वाचले नव्हते. चारही बदलले. तो खर्च हिशेबाच्या कागदावर नव्हता. सौ.नी तो मागाहून तांबड्या शाईने लिहिला.

शेलूबाजारहून वर चढलो तेव्हा सकाळचे आठ. आई पुढच्या सीटवर, पायाखाली उशी. दोन्हीकडे हरभरा, मधे कुठे तुरीच्या काड्यांचे ढीग. तिला तो उंच रस्ता आवडला. "वावरं कशी ताटात वाढल्यावानी दिसतात," म्हणाली. सिंदखेडराजाच्या पुढे आम्ही सगळे गप्प बसलो. जालन्याकडे मोसंबीच्या बागा आल्या आणि मी गाडीतल्या गाडीत बहार धरण्यावर व्याख्यान सुरू केले. मुलीने ते गाणी लावून बंद पाडले.

संभाजीनगरात शिरताना मला नेहमी एक विचार येतो. आपले वाशीम म्हणजे जुने वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. त्या घराण्यातल्या हरिषेणाच्या काळात, पाचव्या शतकात, अजिंठ्याची कित्येक लेणी कोरली गेली. तेव्हा वत्सगुल्माहून अजिंठ्याला निघालेले लोक किती मुक्काम करीत असतील? आम्ही एका दिवसात शेकडो कोस जायला निघालो होतो, त्यांना ऐकून हसू आले असते.

दुसऱ्या दिवशी चिरंजीवाने गाडी घेतली. नाशिक जिल्ह्यात द्राक्षबागा आणि कांद्याची रोपणी पाहिली. इगतपुरीजवळचा जवळजवळ आठ किलोमीटरचा बोगदा लागला. आईने त्यात पूर्ण वेळ हात जोडलेले. आमण्याला उतरल्यावर मात्र रस्त्याचे सुख संपले. पनवेलपर्यंत ट्रकांच्या मागे रांगत गेलो. तिसऱ्या दिवशीच्या मुंबई-गोवा रस्त्याबद्दल मी काही लिहीत नाही. तो किती वर्षे चालू आहे, हे सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे.

खेडहून दापोलीकडे वळलो, तेव्हा माती तांबडी झाली. मित्राच्या अंगणात आईने खाली वाकून जांभ्याचा खडा उचलला आणि विचारले, "हे माती हाये का इट?" आंब्याला मोहोर आलेला होता. मी आणि मित्र मोहोरावरचे तुडतुडे शोधत बसलो. मग सौ.नी आठवण दिली, की आपण तुडतुडे पाहायला आलेलो नाही.

संध्याकाळी मुरूडच्या किनाऱ्यावर गेलो. तिथली वाळू ओहोटीला घट्ट आणि सपाट असते. आईची काठी रुतली नाही, ती आपल्या पायांनी पाण्यापर्यंत गेली. लाट घोट्याला लागली तशी दचकली. बराच वेळ बघत राहिली. मग मला म्हणाली, "याले धुरा कुठं हाये?" मी म्हटले, धुरा नाही. तिला ते पटलेले दिसले नाही. सूर्य बुडेपर्यंत ती त्याच दिशेला पाहत होती. दुसऱ्या दिवशी हर्णैला मासळीचा लिलाव पाहायला नेले, तर नाकाला पदर लावून म्हणे, "बोली तं आपल्या सोयाबीनपेक्षा झटपट होते."

चार दिवस राहिलो. पण येताना इतकी काळजी घेऊनही आईचे पाय सुजलेच होते, ते उतरायला तीन दिवस लागले. परतीच्या वेळी आमचा पुन्हा विचार सुरू झाला. चिरंजीवाने पाहिले, तर बेलोऱ्याच्या विमानाचा दिवस या वेळी जुळत होता. आई आणि सौ. यांची दोन तिकिटे काढली. चाकाची खुर्ची तिकीट काढतानाच मागून ठेवली. ती आधी सांगितली तर मिळते आणि तिचे पैसे पडत नाहीत. आंब्याच्या लोणच्याची बरणी सौ. हातातल्या पिशवीत नेणार होत्या. तेलकट लोणचे वर नेऊ देत नाहीत म्हणून ती मोटारीत आली. सुके खोबरेही विमानात चालत नाही.

आदल्या दिवशी पनवेलला येऊन मुक्काम केला आणि सकाळी दोघींना मुंबईच्या विमानतळावर सोडले. विमान पंख्यांचे, सत्तर-बहात्तर जागांचे. त्याचे पंख वर असतात, त्यामुळे खिडकीतून खाली सगळे दिसते. हे सौ.नी सांगितले. आईने वाटेत तीनदा विचारले म्हणे, यातले आपले वावर कोणते. भाऊ बेलोऱ्याला गाडी घेऊन उभा होताच. आम्ही तिघे त्या रात्री अजून संभाजीनगरला होतो. आई वाशीमला घरी पोचून गरम भाकरी खाऊन झोपलीसुद्धा.

शेजारचे एक गृहस्थ आता चारधामचे विचारत आहेत. त्यांना मी सांगितले, की तुमचा हिशेब वेगळा. नागपूर ते दिल्लीच रस्त्याने हजार किलोमीटरच्या वर. तिथे विमानाचे दोन तास खरोखर दोन दिवस वाचवतात, पुढचे पहाड तेवढे गाडीने करा. आणि गाडी चालवणारा एकटाच असेल, तर आधी त्याला विचारा, त्याला कधी डुलकी लागली होती का. खरे सांगेलच असे नाही.

आईने मुरूडच्या किनाऱ्यावर प्लास्टिकच्या बाटलीत समुद्राचे पाणी भरले होते. ते आमच्याकडे दिले. मोटारीत बाटली लवंडली आणि मागच्या सीटवर पांढरा डाग पडला, तो अजून गेलेला नाही. उरलेले पाणी आई तुळशीला घालायला निघाली होती. मी आडवा आलो, म्हटले, खाऱ्या पाण्याने तुळस जाईल. तिने माझ्याकडे पाहिले, आणि बाटली देव्हाऱ्यात गंगेच्या गडूशेजारी ठेवून दिली.