आपलं पुस्तक

आम्ही उर्दू शाळेत शिकवतो. शनिवारी शाळा सुटली की स्टाफरूममध्ये चहा घेत नुकत्याच वाचलेल्या पुस्तकांवर बोलणं होतं. पतरस बुखारींच्या विनोदी लेखांवर सगळे पोट धरून हसले. दया पवारांच्या ‘बलुतं’वर (१९७८) ‘क्या बेबाक लिखा है!’ अशी दाद मिळाली. मग हमीद दलवाईंच्या ‘इंधन’ची (१९६५) पाळी आली. कोकणातलं मुस्लिम घर, त्या गावातले ताणतणाव. सगळे गप्प. एक आपा म्हणाल्या, "घरची गोष्ट चव्हाट्यावर कशाला?" आम्हीही मान डोलावली.

घरी जाताना मात्र मन खात राहिलं. पवारांनीही घरचंच मांडलं होतं ना? मग दुसऱ्याचं ते साहित्य आणि आपली तेवढी बदनामी, हे कसं?

येत्या शनिवारी ‘इंधन’ पुन्हा काढणार आहोत. आधी आम्हीच बोलू.