खाली सही माझी

एका क्लाससाठी कलचाचणी संगणकावर घ्यायला लागलो तेव्हा मला सगळ्यात जास्त भुरळ पडली ती झटपट अहवालाची. मुलानं शेवटचं बटण दाबलं की आलेख, शतमक, शिफारशी, सगळं छापून हातात. पालक खूश, क्लासचे चालक त्याहून खूश. मानकांच्या तक्त्यावरून बोट फिरवत बसणं संपलं आणि त्यासोबत डोकं चालवणंही.

तालुक्याच्या गावाहून दहावीची एक मुलगी आली होती. कारकुनी वेगाच्या उपचाचणीत तिचा शतमक अगदी तळाला. बारकाव्याची कामं हिला झेपणार नाहीत, अशा अर्थाचं वाक्य अहवालात आपोआप उमटलं आणि मी खाली सही ठोकली. वडील चाचरत म्हणाले, "सर, दुकानाची उधारीची वही हीच लिहिते. आकडा चुकत नाही कधी." मी उलट त्यांनाच मानसशास्त्र समजावलं!

ते गेले, पण ती वही डोक्यातून जाईना. पुढच्या आठवड्यात मुलीला बोलावून विचारलं, माऊस आधी हाताळला होतास का?

"नाही सर. बाण भलतीकडंच पळायचा."

सॉफ्टवेअरमधली मानकं कागद-पेन्सिलीच्या चाचणीवरून उचललेली होती. माहितीपुस्तिकेत तसं छापलेलंही होतं. मी ती उघडली नव्हती. खरं तर अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशननं संगणकीय चाचण्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली ती १९८६ साली. मीड आणि ड्रॅसगो यांनी १९९३ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा पुरेसा वेळ देणाऱ्या क्षमता-चाचण्यांत कागद आणि संगणक यांवरच्या गुणांचा सहसंबंध ०.९७ निघाला, वेगाच्या चाचण्यांत मात्र ०.७२. हे मी परीक्षेपुरतं वाचलंही होतं.

सरावाचा फायदा मिळू नये म्हणून त्याच उपचाचणीची समांतर प्रत घेतली, कागदावर. मुलगी सरासरीच्या बरीच वर गेली.

मग बाकीचंही उकरलं. क्लासच्या सामायिक संगणकावर सगळ्यांचे अहवाल नावानिशी उघडे पडले होते, पासवर्डशिवाय. ते तिथून काढले. त्या हंगामातल्या पालकांना एकेक करून फोन लावले. काहींचे अकरावीचे प्रवेश उरकलेले. एक गृहस्थ म्हणाले, "अहवाल चुकीचा म्हणताय, तर फी परत करा."

केली. चालकांनी त्यांचा वाटा द्यायला नकार दिला, तोही मीच भरला.