कोलंबोतील नऊ तास

बँकॉकहून मुंबईला परतताना कोलंबोत विमान बदलायचे होते. मध्ये 9 तासांचा थांबा. बाकावर पेंगत बसण्यापेक्षा बाहेर पडायचे, असे आम्ही ठरवले. प्रवेश-परवाना घरूनच काढला होता. सामान परस्पर पुढच्या विमानात जाणार होते. आई मात्र धास्तावली, "विमान चुकलं म्हंजे?"

कातुनायके विमानतळ कोलंबोपासून सुमारे 30 किलोमीटरवर आहे. शहराच्या अलीकडेच केलानिया महाविहार. म्हणून शहराचा मोह सोडला आणि जाण्या-येण्याचे भाडे आधी ठरवून गाडी केली.

1950 साली बाबासाहेब बौद्ध परिषदेसाठी याच बेटावर आले होते. केलानी नदीकाठच्या या विहारात भगवान बुद्ध स्वतः आले होते, अशी सिंहली बौद्धांची श्रद्धा आहे. आत सोलियस मेंडिस यांनी रंगवलेल्या भिंती आहेत. अशोककन्या संघमित्रा बोधिवृक्षाची फांदी घेऊन येते, ते चित्र आई बराच वेळ पाहत राहिली.

बाहेर बोधिवृक्षाला लोक पाणी घालत होते. पांढऱ्या वस्त्रांतल्या एका आजींनी आपला भरलेला तांब्या आईपुढे धरला. भाषा कळत नव्हती. लहानपणी गावच्या विहिरीला जिला हात लावू दिला नाही, त्या आमच्या आईने ते पाणी बोधिवृक्षाला घातले. तिचे डोळे भरून आले.

जाणाऱ्यांनी साधे, अंगभर कपडे घालावेत, पादत्राणे बाहेर काढावीत. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढू नये. विमानाच्या 3 तास आधी परत यावे. आम्ही वेळेत पोहोचलो. आईने पुन्हा घड्याळ विचारले नाही.