हिवाळी विहाराचे अखेरचे मुक्काम

कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मासाची सांगता होते आणि साधू-साध्वीजींची पावले पुन्हा रस्त्याला लागतात. पावसाळ्यात भूमीवर असंख्य सूक्ष्म जीव आणि कोवळे अंकुर प्रकटतात. त्यांची विराधना टळावी म्हणून चार महिने एका ठिकाणी वास्तव्य आणि उरलेले आठ महिने पदविहार, अशी ही प्राचीन मर्यादा. जळगाव ते धुळे हा अशा विहाराचा खानदेशातील एक परिचित मार्ग आहे.

अंतर सुमारे ९५ किलोमीटर. मोटारीने दीड-दोन तासांचे; पायी, रोजचे पंधरा किलोमीटर धरले तरी सहा-सात दिवसांचे. जळगाव सोडताच गिरणेचा पूल लागतो. बांभोरीच्या टेकडीवरील विद्यापीठ मागे पडते. मग पाळधी, एरंडोल आणि भुईकोट किल्ल्याचे पारोळे. पौषातल्या सकाळी दादरच्या शेतांवर धुके असते, हरभऱ्यावर दव असते, कापसाने भरलेली वाहने जिनिंगकडे निघालेली असतात. सूर्योदय झाला की ईर्यासमिती पाळत, चार हात पुढची जमीन न्याहाळत, पावले चालू लागतात. गावात पोहोचल्यावर गोचरी, स्वाध्याय, मांगलिक; सूर्यास्तापूर्वी आहार-पाणी आटोपलेले.

याच दिवसांत अनेक व्यापारी कुटुंबे युरोपात मोटारीने फिरत असतात. तेथेही धर्म सुटत नाही. बेल्जियममधील अँटवर्प शहरालगत विल्राइक येथे हिरेव्यापारी जैन समाजाने पांढऱ्या संगमरवराचे देखणे जिनालय उभारले आहे. लंडनमध्ये डिसेंबरात दुपारी चार वाजण्यापूर्वीच सूर्य मावळतो. चौविहार पाळणाऱ्याला दिवसाचा सारा कार्यक्रम त्या घड्याळाभोवती बसवावा लागतो. सहलीच्या शेवटच्या दोन दिवसांत मात्र घाई वाढते. काय पाहायचे राहिले, याचीच मोजदाद सुरू होते. विहारात अखेरचा मुक्कामही पहिल्या मुक्कामाच्याच गतीने येतो. पाहायचे राहिले असे काही नसते. जपायचे तेवढे असते.

पारोळ्यापासून धुळ्यापर्यंतचे अंतर सुमारे ३५ किलोमीटर. मुकटी, फागणे, मग धुळे. हे अखेरचे दोन-तीन दिवस सर्वांत कठीण ठरतात. पायांना भेगा पडलेल्या असतात, थंडीने त्या उकलतात. अनवाणी तळव्याला खडी टोचते. सुरत-नागपूर हा महामार्ग आता चौपदरी झाला आहे. मालाची ने-आण वेगवान झाली, परंतु रस्ता जेथे गावाला वळसा घालून जातो, तेथे वाटेत घर नाही, गोचरीची सोय नाही, झाडाची सावलीही नाही. धुक्यात कडेने चालणारी शुभ्र वस्त्रे चालकाला फार उशिरा दिसतात. विहारातील अपघातांच्या बातम्या समाजाला अपरिचित नाहीत. प्रत्येक वेळी शोकसभा होते, गुणानुवाद होतो आणि रस्ता पूर्वीसारखाच वाहू लागतो.

या रस्त्यावरून धावणाऱ्या मालमोटारींत कापूस आहे, डाळी आहेत, तेल आहे. त्यांतील पुष्कळ माल श्रावकाच्याच पेढीचा असतो. ‘सकाळी बाजार उघडण्यापूर्वी गाडी पोहोचली पाहिजे’ हा निरोप पेढीवरूनच गेलेला असतो. चालकाची घाई ही बहुधा व्यापाऱ्याची घाई असते. श्रावकाच्या बारा व्रतांत दिशापरिमाण व्रत आहे; अमुक दिशेला अमुक अंतरापलीकडे जाणार नाही, अशी मर्यादा त्यात घेतली जाते. अंतराला मर्यादा घालणाऱ्या धर्मात वेगालाही मर्यादा असावी, हे वेगळे सांगावे लागू नये. धुक्याच्या सकाळी मालाला एक तास उशीर चालेल, एवढा शब्द चालकाला देणे ही वैयावच्चच होय.

याखेरीज करण्याजोग्या गोष्टी साध्या आहेत. पुढच्या गावच्या संघाला आदल्या दिवशी निरोप द्यावा. तरुणांनी चमकणारी पट्टी असलेले जाकीट घालून पुढे-मागे चालावे. समोरून येणारी वाहने दिसतील अशी बाजू धरावी. धुके विरेपर्यंत निघण्याची घाई होऊ नये, म्हणून स्वागताची वेळ सैल ठेवावी. मिरवणुकीचा मुहूर्त गाठण्यासाठी साधूंना पावले उचलावी लागणे, हे भक्तीचे लक्षण नव्हे.

फागण्याहून निघाल्यावर धुळे जवळ येते. १८१८ नंतर कॅप्टन ब्रिग्ज याने खानदेशाचे मुख्य ठाणे म्हणून हे गाव निवडले आणि त्याची नव्याने आखणी केली. सरळ रस्ते आणि क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्या हे शहराचे वैशिष्ट्य. सामोरे आलेले श्रावक-श्राविका वंदन करतात, दुकानांच्या पायऱ्यांवर लोक हात जोडून उभे राहतात. थोड्या वेळाने व्यवहार सुरू होतात, वजनकाटे हलू लागतात. धुळ्याला मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग एकमेकांना छेदतात. काही दिवसांनी साधू-साध्वीजी त्यांतील एका वाटेने पुढे निघतील. त्या सकाळी सोबत किती पावले असतील, हे मात्र शहराने आजच ठरवायचे असते.