चुकलेला ठोका

‘काळजाचा ठोका चुकला’ हा वाक्प्रचार आपण कादंबरीतल्या नायिकांसाठी राखून ठेवला आहे. माझ्या बाबतीत मात्र तो शब्दशः खरा झाला, आणि तोही पन्नाशी उलटल्यावर, रत्नदुर्गाच्या चढणीवर! भगवतीच्या दर्शनाला रोज पायी जाण्याचा माझा परिपाठ. एके सकाळी छातीत काहीतरी अडखळले. क्षणभर सारे स्तब्ध. मग आतून कुणी दार ठोठवावे तसा एकच दणका. दुसऱ्या दिवशीही तेच!

घरात आजोबांची ‘शार्ङ्गधरसंहिता’ आहे. वाताची नाडी सापासारखी चालते, पित्ताची बेडकासारखी, कफाची हंसासारखी, इथवर मौज वाटली. पण थांबून थांबून चालणारी नाडी प्राणघातक, असे पुढे वाचले आणि पुस्तक मिटले. आमच्या सौ. म्हणाल्या, “अहो, देवी पायथ्यावरूनही नमस्कार घेते!” त्यांचा आवाज मात्र थट्टेचा नव्हता.

श्रम करताना अडखळणारे हृदय तपासलेच पाहिजे, असे डॉक्टर म्हणाले. त्यांनी कार्डिओग्राम काढला, सोनोग्राफीसारख्या यंत्राने हृदयाच्या झडपा पाहिल्या, सरकत्या पट्ट्यावर मला दमेपर्यंत चालवले. नॉर्मन होल्टर या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६१ साली जगापुढे मांडलेल्या यंत्राचा धाकटा वंशज चोवीस तास छातीवर बांधला. मग ते हसून म्हणाले, “ठोका चुकत नाही हो. एक ठोका घाईने आधीच पडतो. त्यामागे जरा जास्त विसावा मिळतो, तेवढ्यात हृदय अधिक भरते आणि पुढचा ठोका जोरात बसतो. तुमचे हृदय धडधाकट आहे. खुशाल चढा. मात्र घेरी आली, शुद्ध हरपली किंवा छातीत कळ आली, तर तडक या.”

दिवसाला सुमारे एक लाख ठोके! रात्र नाही, रविवार नाही, दिवाळीची सुट्टीही नाही. अशा नोकराने मध्येच एखादे पाऊल घाईने टाकले, तर त्याच्यावर डोळे वटारणारे आपण कोण?

भीती पार गेली, असे म्हणणार नाही. रात्री डाव्या कुशीवर वळलो की कधी तो रिकामा क्षण येतो. अशा वेळी मला किल्ल्यावरचा दीपस्तंभ आठवतो. त्याचा झोत फिरतो, मध्ये काळोख होतो. पण तेवढ्यावरून दिवा विझला, असे कुठलाही तांडेल समजत नाही. तो सुकाणू धरून पुढच्या झोताची वाट पाहतो.