माजघरातील उजेड

गेल्या वर्षी ऐन पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामातील एका आजींनी नव्वदी गाठली. चर्चला येणे त्यांना जमत नसे, म्हणून पवित्र कम्युनियन घेऊन आम्हीच त्यांच्या घरी गेलो. बाहेर मळभ, माजघरात एकच पिवळा दिवा. खुर्चीत आजी, भोवती नातवंडे-पतवंडे. "फादर, तुमचा फोन चांगला आहे, फोटो तुम्हीच काढा," असा आग्रह झाला. आम्हीही उत्साहाने काढले आणि फोनच्या चिमुकल्या पडद्यावर पाहून स्वतःवरच खूश झालो.

दोन महिन्यांनी आजी देवाघरी गेल्या. "आईचा तोच शेवटचा फोटो. मोठा करून लावायचा आहे," असे म्हणत त्यांचा मुलगा आमच्याकडे आला. आम्ही दोघांनी तो संगणकावर मोठा करून पाहिला. चेहरा मेणाने सारवल्यासारखा गुळगुळीत झाला होता आणि जपमाळ धरलेला हात म्हणजे नुसता पांढुरका डाग! बराच वेळ पाहून तो हळूच म्हणाला, "फादर, आईच्या सुरकुत्या कुठे गेल्या?"

त्या प्रश्नाने आम्हांला अभ्यासाला बसवले. भर उन्हात सुमारे १,००,००० लक्स प्रकाश असतो. घरातल्या दिव्याखाली जेमतेम शंभर-दोनशे. आपले डोळे अंधाराशी जुळवून घेतात, म्हणून ही तफावत आपल्याला जाणवत नाही. कॅमेऱ्याला मात्र ती चुकवता येत नाही. जुन्या कॅमेऱ्यातील फिल्मची चौकट ३६ × २४ मिलिमीटर असे; बहुतेक फोनांतील प्रकाश टिपणारी चकती तिच्या दहाव्या हिश्शाहूनही लहान असते. लहान भांड्यात पाणी थोडेच मावायचे! मग फोन अधिक वेळ प्रकाश गोळा करतो आणि तेवढ्यात हललेला हात पुसट होतो. नाहीतर तो मिळालेला क्षीण संकेत वाढवतो. त्याने चित्रावर रवा पसरल्यासारखे कण उमटतात. ते कण पुसताना फोनमधील गणित सुरकुत्याही पुसून टाकते. रात्रीच्या छायाचित्रणाची सोय अनेक चित्रे एकत्र करते. ती स्थिर वेदीसाठी उत्तम, पण चुळबुळ्या पतवंडापुढे निष्प्रभ. फ्लॅशचा उजेडही थोड्याच हातांपर्यंत पोचतो आणि चेहरा सपाट करतो.

म्हणजे फोन उजेड निर्माण करीत नाही. जिथे उजेड कमी पडतो तिथे तो अंदाज बांधतो. भिंतीच्या बाबतीत असा अंदाज चालून जाईल. नव्वद वर्षांच्या आयुष्याने कोरलेल्या चेहऱ्याच्या बाबतीत तो कसा चालावा?

उपाय अगदी साधा होता. खिडकी आजींच्या खुर्चीपासून अवघ्या चार पावलांवर होती. खुर्ची तिथे सरकवून, दिवा मालवून, कोपर टेबलावर टेकवून, बोटांनी चित्र ओढून मोठे करण्याऐवजी स्वतःच दोन पावले पुढे सरकून फोटो काढला असता, तर मळभातल्या त्या मंद उजेडातही आजी आजींसारख्या दिसल्या असत्या. ते आम्हांला सुचले नाही.

अखेर भिंतीवर आजींचा वीस वर्षांपूर्वीचा, अंगणात काढलेला फोटो लागला. मुलाने आम्हांला कधी बोल लावला नाही. पण त्या घरी गेलो की आमची नजर आधी खिडकीकडे जाते. आता आजाऱ्यांच्या भेटीला गेल्यावर कोणी फोटोसाठी फोन पुढे केला, तर आम्ही आधी पडदा बाजूला सारायला सांगतो.